पेंटबॉलच्या गोळीला जुळणारा नळीचा बोर कसा निवडावा: नवख्या खेळाडूंसाठी मार्गदर्शन

स्वतःचा पेंटबॉल मार्कर, म्हणजे वायूच्या दाबाने रंगाच्या गोळ्या मारणारी बंदूक, घेतलेल्या नवख्या खेळाडूला मैदानावर पहिला सल्ला मिळतो तो नळी बदलण्याचा. समोर आठ स्लीव्हची, म्हणजे नळीच्या आत बसणाऱ्या बदलत्या नळकांड्यांची, पेटी उघडली जाते, प्रत्येक स्लीव्हवर इंचाच्या हजाराव्या भागापर्यंतचा आकडा कोरलेला असतो, आणि बोर, म्हणजे नळीचा आतला व्यास, एकदा जुळला की गोळी सरळ जाते असे ठामपणे सांगितले जाते. ही समजूत अर्धीच खरी आहे. बोर जुळवल्याने दर गोळीचा वेग एकसारखा राहतो, हवा कमी लागते आणि गोळ्या नळीत फुटण्याचे प्रमाण कमी होते. गोळी डावीकडे किंवा उजवीकडे वळते ती मात्र बहुतांशी तिच्या स्वतःच्या आकारामुळे, आणि त्यावर कोणत्याही नळीचा इलाज चालत नाही. हा फरक पहिल्यापासून लक्षात ठेवला तर पुढची प्रत्येक पायरी का करायची ते कळते आणि पैसेही वाचतात.

या लेखातील मजकूर 0.68 कॅलिबरच्या, म्हणजे नाममात्र 17.27 मिलिमीटर व्यासाच्या गोळ्यांना लागू आहे. लहान मुलांसाठी आणि कमी मार लागावा म्हणून काही ठिकाणी 0.50 कॅलिबर वापरतात. तिथे तत्त्व तेच असले तरी आकडे वेगळे असतात. भारतात बहुतेक ठिकाणी मार्कर मैदानाच्या मालकीचा असतो आणि नळी बदलण्याची मुभा नसते, तेव्हा तिथे खेळणाऱ्यांना यातील गोळ्यांची पारख आणि हवामान हे दोन भागच खरे उपयोगाचे आहेत. अमेरिका, इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियात राहून शनिवार-रविवारी खेळणाऱ्या आणि स्वतःचे साहित्य बाळगणाऱ्या मराठी मंडळींनी लेख क्रमाने वाचावा.

लागणारे साहित्य

- ज्या गोळ्यांनी खेळायचे आहे त्याच पिशवीतील दहा-बारा गोळ्या
- बदलता येणाऱ्या स्लीव्हची नळी, किंवा निरनिराळ्या बोरच्या दोन-तीन नळ्या
- नळीच्या तोंडावर चढवायचे कापडी आवरण, ज्याला सगळे बॅरल सॉक म्हणतात
- नळी पुसायची स्क्वीजी आणि एक कोरडे, धागे न सुटणारे फडके
- वेग मोजणारा क्रोनोग्राफ, थोडक्यात क्रोनो. तो मैदानावर असतोच, विकत घ्यायची गरज नाही
- मार्करचा वेग कमी-जास्त करण्यासाठी लागणारी ॲलन की
- वही आणि पेन्सिल
- असल्यास डिजिटल कॅलिपर, किंवा निरनिराळ्या मापांची भोके पाडलेली बॉल सायझर पट्टी

कॅलिपर नसला तरी काही अडत नाही. वही मात्र हवीच, कारण कोणती गोळी, कोणते हवामान, कोणती स्लीव्ह आणि क्रोनोवर काय आले हे लिहून ठेवले नाही तर पुढच्या वेळी सगळी चाचणी पहिल्यापासून करावी लागते.

1. मार्कर आधी निकामी करा

पुढच्या एका चाचणीत नळीला तोंड लावावे लागते, म्हणून ही पायरी पहिली. हॉपर (गोळ्यांचा डबा) काढा, नळीवर सॉक चढवा, सुरक्षित दिशेला धरून मार्करमध्ये राहिलेली गोळी आहे का ते पाहा, हवेची टाकी सोडवा, आत अडकलेला दाब पूर्ण जाऊ द्या आणि मगच नळी पिळून वेगळी करा. मार्करला जोडलेल्या नळीत कोणत्याही कारणाने फुंकर मारायची नाही, मार्कर रिकामा आहे अशी कितीही खात्री असली तरी. मैदानात मास्क काढणे सर्वत्र निषिद्ध असल्यामुळे हे सारे काम खेळाच्या हद्दीबाहेर, जिथे प्रत्येक मार्करवर सॉक चढवलेला असतो त्या तयारीच्या जागेतच करावे.

2. पेंट आधी, नळी नंतर

खेळाडू गोळ्यांना सरसकट पेंट म्हणतात. खोक्यावर 0.68 असा एकच आकडा छापलेला असला तरी आतल्या गोळ्या तंतोतंत त्या मापाच्या नसतात. याचे कारण त्या कशा बनतात त्यात आहे. 1981 साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर गावाजवळच्या रानात बारा जणांनी पहिला खेळ खेळला तेव्हा वापरलेले नेल्सन कंपनीचे पिस्तूल मुळात झाडांवर आणि गुरांवर खुणा करण्यासाठी होते, आणि त्याच्या गोळ्या औषधांच्या मऊ कॅप्सूल बनवण्याच्या तंत्रानेच तयार होत. ते तंत्र आजही तेच आहे: जिलेटिनच्या दोन पट्ट्या फिरत्या साच्यांमध्ये येतात, मध्ये रंग भरला जातो, कडा एकमेकींना चिकटतात आणि मग गोळ्या फिरत्या पिंपांत व तबकांवर वाळवल्या जातात. म्हणून प्रत्येक गोळीवर शिवण असते, आणि किती वाळली यावर तिचा व्यास ठरतो. माशाच्या तेलाची कॅप्सूल पावसाळ्यात उघड्या बाटलीत ठेवली तर जशी चिकट आणि फुगीर होते, तशीच ही गोळीही हवेतील ओल शोषून घेते.

अलीकडच्या बहुतेक गोळ्या 0.680 ते 0.688 इंच या पट्ट्यात येतात, मात्र त्याच्या अलीकडे आणि पलीकडेही सापडतात. एका पिशवीतही सगळ्या सारख्या नसतात. हातात घेतलेल्या दहा गोळ्या सपाट ताटात फिरवून पाहिल्या तर कोणती डगमगत जाते, कोणती शिवणीवर अडखळते हे लगेच दिसते. खळगा पडलेल्या, एका बाजूने चपट्या, तेलकट ओघळ असलेल्या किंवा एकमेकींना चिकटलेल्या गोळ्या पिशवीत बऱ्याच असतील तर ती पिशवी परत करावी. अशा पेंटसाठी योग्य बोर शोधण्यात वेळ घालवणे व्यर्थ आहे. माझ्या मते नव्या नळीवर खर्च करायचे पैसे आधी एक पायरी वरच्या प्रतीच्या पेंटवर खर्च केले तर नेमकेपणात जास्त फरक पडतो, आणि हे नळ्या विकणारा दुकानदार सहसा सांगत नाही.

पेंट किती ठिसूळ आहे हेही इथेच तपासावे. खांद्याच्या उंचीवरून काँक्रीटवर दोन-चार गोळ्या सोडून पाहा. पहिल्याच आपटीत फुटली तर कवच ठिसूळ आहे आणि तिला घट्ट बोर सोसणार नाही. तीन-चार वेळा उसळूनही शाबूत राहिली तर कवच जाड आहे, नळीत ती सहसा फुटणार नाही, पण समोरच्यावर आदळूनही न फुटता उसळून जाण्याची शक्यता वाढते. स्पर्धेच्या प्रतीची गोळी सहसा पातळ कवचाची आणि अधिक गोल असते, तर सरावाच्या स्वस्त गोळीचे कवच जाड आणि शिवण ठळक असते.

3. व्यास मोजणे

कॅलिपर असेल तर प्रत्येक गोळी दोनदा मोजावी, एकदा शिवणीवर आणि एकदा शिवणीच्या काटकोनात. दोन आकड्यांत दोन-तीन हजारांश इंचाचा फरक सहज निघतो. कॅलिपरचा जबडा दाबला तर मऊ कवच दबून माप कमी येते, म्हणून गोळी जबड्यांत नुसती टेकली की आकडा वाचायचा. बॉल सायझर पट्टी असेल तर गोळी कोणत्या भोकातून स्वतःच्या वजनाने पडते आणि कोणत्यात अडकते एवढेच पाहायचे. गोळी थोडी फिरवून दुसऱ्या बाजूने पुन्हा टाकून पाहावी.

दहा गोळ्यांचे आकडे लिहिल्यावर सरासरी काढण्याआधी सर्वांत लहान गोळी कोणती आणि सर्वांत मोठी कोणती हे पाहा. पाचव्या पायरीत या दोन टोकांचाच उपयोग होणार आहे.

4. फुंकर चाचणी

मापाची साधने नसली तरी ही चाचणी पुरते, आणि जुने खेळाडू कॅलिपरपेक्षा हिच्यावरच जास्त भरवसा ठेवतात. वेगळी केलेली, स्वच्छ पुसलेली नळी घ्या. जे टोक मार्करमध्ये पिळले जाते, त्या बाजूने गोळी आत ठेवा आणि नळी उभी धरा.

गोळी आपोआप घरंगळून दुसऱ्या टोकाने बाहेर पडली तर बोर तिच्यापेक्षा मोठा आहे. गोळी जागेवर थांबली आणि हलक्या फुंकरीने सरकत बाहेर गेली तर बोर जुळता आहे. जोर लावून फुंकावे लागले, किंवा बोटाने ढकलल्याशिवाय गोळी आतच गेली नाही, तर बोर गोळीपेक्षा लहान आहे. स्लीव्ह बदलत बदलत दहाही गोळ्यांवर हे करा आणि प्रत्येक स्लीव्हमध्ये किती गोळ्या थांबल्या व किती घरंगळल्या ते लिहा. एकाच गोळीवरून निर्णय घेणे ही नवख्यांची नेहमीची चूक असते. नेमकी ती एक गोळी पिशवीतली सर्वांत जाडी निघाली तर दिवसभराचा हिशेब बिघडतो.

दोन गोष्टींची काळजी घ्यावी. नळीत आधीच्या फुटलेल्या गोळीचा ओशट थर असेल तर मोठी गोळीही सुळकन निघून जाते आणि चाचणी फसते, म्हणून दर वेळी स्क्वीजी फिरवून वर कोरडे फडके फिरवावे. तसेच श्वासाची वाफ आणि थुंकी लागलेली गोळी पुन्हा हॉपरमध्ये टाकू नये. ती थोड्याच वेळात फुगते आणि ऐन खेळात नळीत फुटते.

5. सैल, जुळता की घट्ट

आता निवडीचा प्रश्न येतो, आणि याच ठिकाणी सर्वाधिक गैरसमज आहेत.

सैल बोरमध्ये गोळीच्या भोवती फट राहते. 0.684 इंचाची गोळी 0.691 इंचाच्या बोरमध्ये असेल तर गोळीच्या छेदाच्या सुमारे 2 टक्के एवढे क्षेत्रफळ मोकळे राहते. आकडा लहान दिसतो, पण दाबाखालची हवा गोळीपेक्षा कितीतरी चपळ असल्याने त्या फटीतून ती पुढे निसटते. त्यामुळे तोच वेग गाठण्यासाठी दाब वाढवावा लागतो, टाकी लवकर संपते आणि आवाजही वाढतो. दुसरा तोटा असा की अशा नळीत गोळीला जागेवर धरून ठेवणारे एकच साधन उरते, ते म्हणजे नळी मार्करला जिथे जोडली जाते तिथे असलेला डिटेंट हा छोटा रबरी किंवा स्प्रिंगचा अडसर. डिटेंट झिजला असेल आणि नळी खालच्या दिशेला झुकवली तर गोळी पुढे घरंगळते, तिच्यामागे दुसरी गोळी येऊन बसते, आणि पुढचा बार कमी वेगाचा निघतो किंवा दोन्ही गोळ्या फुटतात. सैल बोरचा फायदा एकच आणि तो खरा आहे: ठिसूळ पेंट त्यात कमी फुटतो.

घट्ट बोरमध्ये प्रत्येक गोळी कडेला टेकते आणि हवेला निसटायला वाव मिळत नाही. गोळी थोडी दबली जाते आणि घर्षण वाढते, तरी हे सगळे प्रत्येक गोळीच्या बाबतीत जवळपास सारखेच घडत असल्यामुळे वेगातील चढउतार कमी होतो. फुटण्याचा धोका हा त्याचा तोटा, आणि तो कवचाच्या प्रतीवर अवलंबून असतो.

राहिला ज्याला सगळे आदर्श मानतात तो नेमका जुळता बोर. समजा दहा गोळ्यांची सरासरी 0.684 आली आणि तुम्ही बरोबर 0.684 ची स्लीव्ह लावली. पण गोळ्या 0.681 ते 0.687 पर्यंत पसरलेल्या आहेत, म्हणजे साधारण निम्म्या गोळ्या त्या नळीत सैल जातील आणि निम्म्या घट्ट. सैल गोळीमागची हवा निसटेल, घट्ट गोळीमागची निसटणार नाही, आणि एकाच नळीतून दोन वेगवेगळ्या जातींचे बार निघू लागतील. सरासरीला बोर जुळवण्यातील ही उणीव फारच थोडे लोक ध्यानात घेतात. म्हणून बोर सरासरीला न जुळवता लहान टोकाला जुळवावा असे माझे मत आहे: पिशवीतील बहुतेक लहान गोळ्याही ज्या स्लीव्हमध्ये हलक्या फुंकरीपर्यंत थांबतात, ती स्लीव्ह आधी वापरून पाहावी. वरच्या उदाहरणात ती 0.682 ची किंवा त्याहून एक पायरी खालची असेल. गोळ्या फुटू लागल्या तर एक पायरी वर जावे आणि त्यापुढचा सैलपणा नाइलाज म्हणून स्वीकारावा.

जिथे पेंट मैदानाकडूनच घ्यावा लागतो आणि तो ठिसूळ असतो, तिथे थोडा सैल बोर हाच शहाणपणा ठरतो. वेगात किंचित चढउतार असलेल्या अखंड गोळ्या चालतात. दर विसाव्या बारानंतर स्क्वीजी काढत बसणे चालत नाही.

6. क्रोनोवर जाणे

स्लीव्ह बदलली की वेग बदलतो, आणि ही बाब केवळ कामगिरीची नसून सुरक्षिततेची आहे. सैल नळीवर सेकंदाला 280 फुटांवर बसवलेला मार्कर घट्ट स्लीव्ह लावताच मर्यादेच्या वर जाऊ शकतो. अमेरिकेत बरीच मैदाने 280 किंवा 285 फुटांची मर्यादा ठेवतात आणि 300 फूट, म्हणजे सेकंदाला सुमारे 91 मीटर, ही सर्वसाधारण कमाल मानली जाते; मास्कही हाच वेग गृहीत धरून बनवलेले असतात. म्हणून नळीला हात लावला की पुन्हा क्रोनोवर जायचे, सामन्याच्या मधल्या सुटीत स्लीव्ह बदलली तरीसुद्धा.

पद्धत अशी ठेवावी. टाकी जोडल्यावर पहिले दोन-तीन बार सोडून द्या, कारण ते बहुधा वेगळे येतात. मग पाच-सहा सेकंदांचे अंतर ठेवून दहा बार मारा आणि प्रत्येक आकडा लिहा. नळी दर वेळी एकाच कोनात धरा. सरासरीपेक्षा सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा यांच्यातील अंतर महत्त्वाचे आहे. समजा एका स्लीव्हवर 266 ते 290 असे आकडे आले आणि दुसरीवर 275 ते 285, तर दुसरी स्लीव्ह निर्विवाद चांगली, मग कॅलिपर काहीही सांगो.

निवड पक्की झाल्यावरच ॲलन कीने वेग बसवायचा. स्क्रू एका वेळी पाव फेरीपेक्षा जास्त फिरवू नये आणि प्रत्येक बदलानंतर दोन बार रिकामे घालवून मगच आकडा वाचावा. वेग कमी करण्यासाठी मुद्दाम मोठा बोर लावणे, किंवा वाढवण्यासाठी लहान लावणे, ही उलटी पद्धत काही जण सुचवतात. तिच्या नादी लागू नये.

तुमचा मार्कर कार्बन डायऑक्साइडवर चालत असेल तर ही चाचणी बरीच धूसर होते. त्या टाकीतील दाब तपमानावर अवलंबून असतो. 21 अंश सेल्सिअसला तो सुमारे 850 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) असतो, तर शून्य अंशाला 500 च्या आसपास उतरतो, आणि भराभर बार मारले की टाकी स्वतःच गार होऊन दाब आणखी पडतो. अशा वेळी आकड्यांतील चढउतार बोरचा की वायूचा हे ओळखता येत नाही. दाबाखालची साधी हवा आणि दाब एकसारखा ठेवणारा रेग्युलेटर असलेली टाकी मिळत असेल तर चाचणीपुरती तरी ती मागून घ्यावी.

7. गोळी कुठे फुटते ते ओळखा

गोळी फुटली की बोरला दोष देण्याची घाई होते. त्याआधी नळी काढून रंग कुठून सुरू झाला आहे ते पाहावे.

मार्करच्या आत, बोल्टवर (गोळी पुढे ढकलणारा दांडा) आणि हॉपरच्या मानेत रंग असेल, आणि कवचाचे तुकडे कापल्यासारखे सरळ कडांचे असतील, तर गोळी पूर्ण खाली बसण्याआधीच बोल्टने तिला चिरडले आहे. हॉपर मंद चालतो, त्याचे सेल उतरले आहेत, किंवा डिटेंट झिजला आहे अशी याची कारणे असतात. यात बोर बदलून काहीही साधत नाही.

मार्करचा आतला भाग स्वच्छ आहे आणि रंग नळीच्या सुरुवातीच्या काही इंचांनंतर दिसतो, तर ती नळीतली फूट. तेव्हा स्लीव्ह एका पायरीने वाढवावी. तत्पूर्वी स्लीव्ह आणि नळीचा पुढचा भाग जिथे मिळतात तिथे बोट फिरवून पाहावे, कारण तिथे धातूची कड वर आली असेल किंवा स्लीव्ह नीट बसली नसेल तर कोणत्याही मापात गोळ्या फुटत राहतात. स्लीव्हच्या बाहेरून चिकटलेले वाळूचे कण हेही तिरकेपणाचे एक कारण असते.

फक्त नळीच्या टोकाशी आणि तिथल्या छिद्रांत शिंतोडे असतील तर गोळी बाहेर पडता पडता फुटते आहे. पेंट ठिसूळ आहे किंवा वेग जास्त आहे.

एकदा गोळी फुटली की पुढच्या पाच-सहा गोळ्या वेड्यावाकड्या जातात, कारण आतला ओला रंग त्यांना एका बाजूने चिकटतो. नळी पूर्ण पुसेपर्यंत नेमकेपणाबद्दल कोणतेही मत बनवू नये. पुसलेल्या नळीतूनही गोळ्या वर-खाली पडत असतील तर वेगातील चढउतार तपासावा. डावी-उजवीकडे पसरत असतील तर पिशवीतल्या गोळ्यांकडे पाहावे. पेंटबॉलची गोळी रायफलच्या गोळीसारखी स्वतःभोवती फिरवून स्थिर केलेली नसते, त्यामुळे शिवण, खळगा आणि चपटेपणा यांचा हवेवर होणारा परिणाम तिला वाटेल तिकडे नेतो.

8. हवामान आणि साठवण

सकाळी जुळवलेला बोर दुपारी जुळेलच असे नाही. दमट हवेत उघडी पिशवी ठेवली की कवच ओल शोषून फुगते आणि मऊ होते. सकाळी थांबणारी गोळी दुपारी अडकू लागते. न्यू जर्सीतील जुलै असो की कोकणातला आषाढ, ही अडचण सारखीच आहे. थंडीत याच्या उलट होते: कवच आकसते, कडक होते आणि तडकू लागते, म्हणून हिवाळ्यात घट्ट स्लीव्ह सांभाळून वापरावी आणि पिशवी शेवटच्या क्षणापर्यंत गाडीच्या उबेत ठेवावी. उन्हात तापलेल्या डिकीत मात्र कधीही ठेवू नये.

खोक्यात सहसा 2000 गोळ्या, 500 च्या चार पिशव्यांत असतात. एका वेळी एकच पिशवी उघडावी, तिचे तोंड लगेच बंद करावे, ओल्या हाताने गोळ्या भरू नयेत. घरी ठेवायच्या झाल्यास कोरड्या जागी, साधारण 15 ते 25 अंशांच्या तपमानात ठेवाव्यात आणि मधूनमधून पिशवी उलटवावी, नाहीतर तळच्या गोळ्या चपट्या होतात. फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला मानू नये. जमिनीवर पडलेली गोळी उचलून भरू नये. गवताच्या दवाने ती फुगलेली असते आणि तिला लागलेली माती स्लीव्हला ओरखडे पाडते.

नवी पिशवी उघडल्यावर पाच गोळ्यांची फुंकर चाचणी करायला दोन मिनिटे लागतात. वेगळ्या कंपनीचा किंवा वेगळ्या खोक्यातला पेंट आला तर ती करणे अनिवार्य समजावे.

9. विकत घेताना

आधी मार्करच्या नळीचे आटे तपासा. ऑटोकॉकर, टिपमन 98, टिपमन ए-5, स्पायडर आणि आयन असे निरनिराळे आटे प्रचलित आहेत, आणि एकाची नळी दुसऱ्यात बसत नाही. बसल्यासारखी वाटली तरी जोर लावून पिळू नये. मार्करचे आटे खराब झाले तर दुरुस्ती नळीपेक्षा महाग पडते. सध्याच्या बऱ्याच मार्करना ऑटोकॉकरचे आटे असतात, पण दुकानदाराच्या अंदाजावर न जाता मार्करची माहितीपुस्तिका पाहावी.

स्लीव्हच्या संचांत स्मार्ट पार्ट्स कंपनीने आणलेला फ्रीक हा सर्वांत परिचित. त्याच्या मूळ संचात 0.679, 0.682, 0.684, 0.687, 0.689, 0.691, 0.693 आणि 0.695 अशी आठ मापे होती. हल्लीच्या पेंटसाठी शेवटची तीन मापे पेटीतच पडून राहतात. सुट्या स्लीव्ह मिळत असतील तर 0.679, 0.682 आणि 0.687 एवढ्या तीन घेऊन सुरुवात करावी आणि बाकीच्यांची गरज वहीतल्या नोंदींवरून ठरवावी. ॲल्युमिनियमची स्लीव्ह हलकी आणि स्वस्त असते. स्टीलची जड असते पण ओरखडे कमी धरते आणि पुसायला सोपी जाते. ज्यांच्या भागात पेंट वारंवार फुटतो त्यांनी स्टीलची घ्यावी.

नळीच्या लांबीवर जास्त पैसे घालवू नयेत. बहुतेक मार्करमध्ये गोळीला वेग देण्याचे काम पहिल्या 8 ते 12 इंचांत संपते. त्यापुढचा छिद्रांचा भाग आवाज कमी करतो, आणि बंकरच्या (मैदानातील आडोशाच्या) आडून नेम धरताना किंवा समोरचा फुगवलेला अडथळा बाजूला सारताना कामी येतो. 14 इंचांची नळी त्यासाठी पुरेशी आहे.

जुना संच घेत असाल तर प्रत्येक स्लीव्ह उजेडाकडे धरून आरपार पाहा आणि ती नळीत घालून हाताने हलवून पाहा. खुळखुळत असेल तर आतली ओ-रिंग (रबरी कडी) गेली आहे. ती स्वस्तात बदलता येते. स्लीव्हला पोचा पडला असेल, किंवा आतून लांबट ओरखडा नखाला जाणवत असेल, तर ती कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नये. कोरलेला आकडा पुसला गेला असेल तर माहीत असलेल्या मापाच्या स्लीव्हशेजारी ठेवून त्याच गोळीवर फुंकर चाचणी करावी आणि कायमच्या शाईने आकडा बाहेरून लिहून टाकावा.